लाइन हळूहळू सोडा

माझा धाकटा भाऊ छत्तीस वर्षं गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर होता. तिथं त्याला सगळे 'दोनदा' म्हणत. कुठलाही व्हॉल्व्ह बंद केला की चार पावलं पुढे जायचा, मागे यायचा आणि पुन्हा हात लावून बघायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला घरातली शेगडी आणि माझ्या खोलीची कडी एवढंच उरलं. भावजय वैतागून गेली. मग कुणीतरी त्याला इंजिनिअरांच्या एका ऑनलाइन गटात घातलं आणि आम्ही दोघी सुटलो.

जेवणाच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप असायचा. तरुण मुलं-मुली प्रश्न विचारत आणि त्याला काका म्हणत. पंपातून खडखड येतेय, आधी काय उघडू? ड्रिलिंगला जाऊ की प्लांटवरच राहू? एकाला समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर नोकरी मिळत होती आणि त्याच महिन्यात लग्न होतं. त्याला भावाने लिहिलं, "आधी तिला विचार. कंपनी थांबते, बायको थांबत नाही."

"तुला काय माहीत?" भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी अकरा वर्षं थांबलेच की."

या मंडळींत एक मुलगी होती, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. तिचे प्रश्न नेमके असत, म्हणून ती त्याची लाडकी. त्या दिवशी सकाळी तिने लिहिलं होतं की थंडीने त्यांच्या प्लांटकडे येणारी गॅसची लाइन तुंबलीय, आत हायड्रेट धरलंय, काय करू? गॅसमध्ये पाण्याचा अंश राहिला आणि गारठा पडला, की पाइपाच्या आत बर्फासारखा घट्ट गोळा होतो, त्याला हे लोक हायड्रेट म्हणतात. भावाने जेवायला बसता बसता उत्तर लिहिलं. "जेवण निवतंय" अशी हाक दुसऱ्यांदा आली होती.

हात धुऊन आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे मला ते वाचून दाखवलं. "घाई करू नका. वरून आग किंवा वाफ अजिबात देऊ नका. लाइन हळूहळू सोडा आणि वाट बघा. प्रेशर उतरलं की गोळा आपसूक विरघळतो." वाचून झाल्यावर तो हसला. मग हसू गेलं. त्याने शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. ओठ हलताना मला दिसत होते.

"ताई," तो म्हणाला, "मी 'सोडा' लिहिलंय."

"बरोबर आहे की. सोड्याच्या बाटलीतला सोडा थोडाच समजणार आहे कुणी?"

तो हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

त्याच्या प्लांटवर 'लाइन सोडणे' म्हणजे दोन माणसं दोन टोकांना उभी करायची आणि दोन्हीकडचा गॅस बरोबरीने, थोडा थोडा बाहेर काढायचा. छत्तीस वर्षांत त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्याने ऐकलाच नव्हता. पण आता वाचताना त्याला दिसलं, की त्या मुलीला ते 'नुसता आपल्या हाताशी असलेला व्हॉल्व्ह उघडा' असंही वाटू शकतं. एकाच बाजूचं प्रेशर उतरलं, की दुसऱ्या बाजूचं प्रेशर गोळ्याला ढकलतं. गोळा सुटतो तो बंदुकीतून सुटल्यासारखा आणि पाइप जिथं वळतो तिथं जाऊन आदळतो. वळण फुटतं. पुढचं त्याने मला सांगितलं नाही.

उत्तराखाली तिचं लिहिणं होतं, पंचवीस मिनिटांपूर्वीचं. "थँक्यू काका! निघतोच आम्ही."

त्याने "थांबा" लिहून पाठवलं. मग "दोन्ही बाजूंनी", मग नुसतं "थांबा थांबा". मोबाइल प्लांटच्या फाटकाबाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरीही तो पाठवत राहिला. मध्यंतरी तिने आपला बायोडेटा नजरेखालून घालायला पाठवला होता. तो भावजयीने शोधून काढला, कारण त्याची बोटं चालेनाशी झाली होती. मुलीचा फोन वाजून वाजून बंद झाला. बायोडेटाच्या तळाशी संदर्भ म्हणून तिच्या साहेबांचा कंट्रोल रूममधला नंबर होता. भावजयीने तो लावला.

"कंट्रोल रूम," पलीकडून आवाज आला.

"साहेब, तुमची लाइन सोडताहेत ना, ते काम थांबवा. आत्ता."

"आपण कोण?"

"ते मग. एकाच बाजूने सोडताहेत. मी चुकीचं सांगितलंय. थांबवा हो!"

माणूस शहाणा होता, वाद घातला नाही. फोन तसाच ठेवून तो वॉकीटॉकीवर बोलला. आम्ही तिघं टेबलाभोवती स्पीकरवर वाकून ऐकत होतो. पहिली हाक गेली, नुसती खरखर. दुसरी गेली. भावजयीने माझा दंड इतका घट्ट धरला की चार बोटं उमटली. तिसऱ्या हाकेला मुलीचा आवाज आला, "सर, पाऊण फेरा उघडलाय."

"बंद करा. वळणापासून लांब व्हा दोघंही."

मग दोन्ही टोकांच्या प्रेशरचे आकडे आले. एकीकडे चव्वेचाळीस बार, दुसरीकडे अठ्ठावन्न. फरक पडला होता, पण गोळा जागचा हलला नव्हता. भाऊ खुर्चीत बसला. तिथं आधीच खुर्ची होती म्हणून बरं.

तासाभराने मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, फक्त फार हळू बोलत होती. "काका, व्हॉल्व्हवर हात माझा नव्हता. आमच्या ऑपरेटरदादांचा होता. मी लांब उभी होते, तुमचं उत्तर कागदावर उतरून घेऊन."

"त्यांना दे फोन," भाऊ म्हणाला.

ऑपरेटर पन्नाशीचा असावा, आवाजावरून. भावाने स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "चूक माझी होती. तुमचा जीव गेला असता."

"मला शंका आली होती साहेब. मी म्हटलं मॅडमना, पलीकडच्या बाजूचं काय? त्या म्हणाल्या, काकांनी लिहिलंय. मग मी उघडला."

भावाचा चेहरा मला बघवेना. त्याला शिवी चालली असती.

"तेव्हा आता नीट सांगा," ऑपरेटर म्हणाला. "गोळा अजून आतच आहे. तो काही माफी मागून जायचा नाही."

भावाने माझ्याकडे बघितलं, जणू मी 'नको सांगूस' म्हणणार होते. मला तेच म्हणायचं होतं. मग त्याने लॅपटॉप मिटून बाजूला सारला.

"आधी तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुमच्याकडे 'सोडणे' म्हणजे नेमकं काय करता? हात कुठं, कितवा व्हॉल्व्ह, कोण कुठं उभं. सगळं सांगा. मला काही माहीत नाही असं समजून सांगा."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला. "लिहून घ्या मग," ऑपरेटर म्हणाला, आणि सांगू लागला. भावजयीने वही पुढे केली. पेन मी धरलं.