करमाडच्या आभाळातलं भंगार

मेलेले उपग्रह बघायचा नाद मला कसा लागला, ते विचारू नका. बायका भिशी करतात, मी हे करते. बंद पडलेला उपग्रह वर कोलांट्या खात फिरत असतो. त्याच्या चकचकीत बाजूवर ऊन पडलं की खाली आपल्याला झपकन उजेड दिसतो. मग काही नाही. मग पुन्हा झपकन. दोन चमकांमधलं अंतर मोबाइलवर मोजायचं, एवढंच काम. नवरा म्हणतो, नसती उठाठेव. म्हणू दे!

शहरात छावणीजवळ आमच्या गच्चीवरून दिव्यांपायी धड काही दिसत नाही. म्हणून मी माहेरी जायची, करमाडच्या आत आमचं गाव आहे तिथं. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे धाकटा भाऊ आणि त्याच्या घराची गच्ची. तेवढंच उरलंय मला.

गेल्या वर्षी आमच्या भागात हूल उठली. रात्रीचे ड्रोन येतात, घरं हेरतात आणि मागून चोर येतात म्हणे. गावोगाव माणसं काठ्या घेऊन जागू लागली. त्यातच मी गेले. दिवेलागणीनंतर गच्चीवर उभी राहून एका उपग्रहाच्या चमका मोजत होते, तोच खालून आरडाओरडा झाला, "आलं! ड्रोन आलं!" आणि नेमकी त्याच रात्री शेजारच्या काकांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

सकाळी भावाच्या अंगणात हीच चर्चा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, कसलं ड्रोन? ते वरचं भंगार आहे. आज संध्याकाळी पुन्हा येणार. या, दाखवते."

भाऊ हळूच म्हणाला, "अक्का, राहू दे." पण मी ऐकते होय!

संध्याकाळी निम्मं गाव अंगणात जमलं. मोबाइलवर त्याची यायची वेळ बघितली होती, चमकांमधलं अंतर आदल्या दिवशी मोजलेलं होतंच. पहिली चमक दिसली आणि मी सेकंद मोजायला लागले. "आता!" म्हटलं, चमकलं. पुन्हा "आता!" म्हटलं, पुन्हा चमकलं. एकदासुद्धा चुकले नाही. असा आनंद झाला मला, काय सांगू! वाटलं, आता हसतील सगळे, आपल्याच भीतीला हसतील.

कुणी हसलं नाही. शेजारचे काका माझ्याकडं बघत होते. लहानपणी मला खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचे ते हेच काका.

"ते कवा चमकणार, हे हिला कसं ठाऊक?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मागून कुणीतरी बोललं, "मोटर गेली तवाबी ही गच्चीवरच व्हती." मी समजावू लागले, मोबाइल पुढं केला, तर तो बघून लोक आणखीच बिथरले. काठी आपटल्याचा आवाज आला. भाऊ मधी आला, "माझी बहीण हाय ती! हात लावून बघा कुणी!" त्याचा आवाज चिरकला होता. लोक पांगले, पण कुणी मला "येतो" म्हटलं नाही. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. माझ्याच गावात!

दुसऱ्या दिवशी भावानं मला मोटरसायकलवरून करमाडला एस.टी.वर सोडलं. गाडी दिसली तेव्हा म्हणाला, "अक्का, यंदा भाऊबीजेला मीच येतो तुमच्याकडं."

दरवर्षी मी जाते. मी म्हटलं, "तुलापण खोटं वाटतं का रे?"

"नाय गं. तू खरंच सांगत व्हतीस, मला कळतंय." माझी पिशवी त्यानं पायरीवर चढवून ठेवली. "पण मला तिथंच राहायचंय."

मी तिकीट काढलं, खिडकीकडं तोंड केलं आणि शहर येईपर्यंत रडत राहिले.