सिंदीच्या तीन भेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्याकडे परिवीक्षा अधिकारी होतो. कोर्टानं तुरुंगात न पाठवता हमीवर घरी सोडलेल्या माणसांना भेटायचं, ती नीट राहतात का बघायचं, हे माझं काम. आम्ही दोघं होतो — मी आणि कुसुमताई.

एकदा वरून तक्ता आला. महिनाभर रोजचं काम वेळेसकट लिहा. त्यावरून कुठल्या ऑफिसात किती माणसं लागतात ते ठरणार. ताईंनी खरं लिहिलं. अल्लीपूरच्या अंजनाबाईची एक भेट — अख्खा दिवस. अंजनाबाईनं भांडणात जावेला विळा मारला होता. सासरचे तिला घरात टिकू देत नव्हते. ताई जाऊन बसत, समजावत.

आणि मी? सिंदीला एका दिवसात तीन भेटी लिहिल्या. खरं तर स्टेशनजवळ चहा पिऊन परतलो होतो. कशासाठी? आमच्या साहेबांनी 'वा' म्हणावं — एवढ्यासाठीच.

साहेब म्हणालेही, "एका दिवसात तीन! मंग दुसरा माणूस काऊन पाहिजे?"

ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, खरंच गेलते तुम्ही?"

"हो," म्हणालो.

एक पद गेलं. ताईंची बदली झाली. अंजनाबाई माझ्या यादीत आली. मी अल्लीपूरला एकदाही गेलो नाही — दर महिन्याला 'वर्तन समाधानकारक' लिहीत राहिलो. एकदा ती स्वतःच एसटीनं आली. "ताई येत होत्या तं घरचे मले हाकलत नोते. तुमी येजा ना साहेब."

येतो म्हणालो. गेलो नाही.

शेवटी सासरच्यांनी तिला हाकललंच. पण तसं लिहिलं असतं, तर दर महिन्याला मी काय पाहत होतो, असं कुणीही विचारलं असतं. म्हणून लिहिलं — 'न कळवता घर सोडले.' हमी मोडली म्हणून वॉरंट निघालं. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी करताना ती सापडली.

कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं, "हे साहेब घरी येत होते ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आले असतीन जी. मी वावरात असन."

आवाजात टोमणा नव्हता. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. 'मी कधी गेलोच नाही' एवढं एक वाक्य बोललो असतो तरी ती सुटली असती — नाही बोललो.

तिला नागपूरला जेलात नेलं. तिथंही मी तिला कधी भेटलो नाही.