दोन्ही गुडघे टेकून

आमच्या घरचे पुरुष मोठ्यांना नमस्कार करताना कमरेत वाकत नाहीत. आधी दोन्ही गुडघे टेकतात, मग पावलांना हात लावतात. वडील असंच करायचे. तिशीनंतर मीही तसंच करू लागलो. कुणी शिकवलं नव्हतं, पण लग्नाकार्यात नातेवाईक कौतुकानं म्हणायचे, ही त्यांच्या घरची रीत. गेल्या पाडव्याला माझ्या सव्वीस वर्षांच्या मुलानं माझ्या आईला तसाच नमस्कार केला, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्याची कंबर तेव्हा वर्षभर दुखत होती. कोथरूडहून हडपसरला रोज बाइकनं जाणं-येणं, त्यात रस्ते असे. दुसरं कारण शोधावंसं वाटलंच नाही. विश्रांती घे, असं मी सांगायचो. तो म्हणायचा, पडून राहिलं की वाढतं, चालल्यावर सुटतं. माझ्या हिशेबात ते बसत नव्हतं. सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या सल्ल्यानं गादीही बदलली. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांधेविकारांच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

एमआरआय बघून त्यांनी सांगितलं, हा मणक्यांचा दाहक संधिवात. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, कमरेच्या तळाशी सूज सुरू होते आणि दुर्लक्ष झालं तर काहींचे मणके एकमेकांना जुळून जातात. बहुधा ऐन तारुण्यातच सुरुवात होते. किती जणांना होतो, मी विचारलं. साधारण शंभरात एकालाही नाही, त्या म्हणाल्या. पण कंबर सगळ्यांचीच दुखते, म्हणून ओळखायला उशीर होतो. रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते. घरात कुणाला आहे?

"कुणालाच नाही," मी ठामपणे सांगितलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, आपण जरा त्या भिंतीला पाठ लावून उभे राहता? टाचा टेकवा. आता डोकं लावा भिंतीला."

मला वाटलं, लागलंय. त्यांनी डोक्यामागच्या फटीतून हात घातला, तो सहज पलीकडे गेला. मग एकच डोळा लाल होऊन ठणकतो का, उजेड सोसत नाही असं होतं का, हे विचारलं. होत असे. आम्ही डोळे आले समजून थेंब घालायचो.

मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, पाडव्याला मला वाकताच येत नव्हतं. म्हणून गुडघे टेकले."

 खालच्या मजल्यावर माझा एक्स-रे काढून झाला, त्यावर त्यांनी बोटानं जुळलेले मणके दाखवले. शंभरात एकालाही नाही, आणि आमच्या एका घरात दोघे. वडिलांची तपासणी कधी झालीच नाही, म्हणून त्यांना मी धरत नाही.

"माझं यांच्यासारखं होईल?" मुलानं विचारलं.

त्याचे मणके अजून मोकळे होते. औषध आणि रोजचा व्यायाम सोडला नाही तर बहुधा तसे राहतील, पण हमी देता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझं जे जुळलंय ते सुटणार नाही; दुखणं मात्र कमी करता येईल.

मला तर काही दुखत नव्हतं. सकाळी तासभर पाठ धरते, तेवढंच.

"ती सगळ्यांचीच धरते ना?" मी विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "रोज नाही धरत."