शपथेवर घरी बसलेला माणूस

बावीस वर्षं टॉवेल विणल्यावर आपण वस्त्रकलेत एम. ए. करावं, हे खूळ माझ्या डोक्यात कुणी घातलं, त्याला मी शोधतोय. आरशात बघितलं की सापडतो. त्यात विद्यापीठ निवडलं तेही असं, की जिथं ताज्या पदवीधरांनाही सहजी उभं करत नाहीत.

अर्जाबरोबर 'मला का शिकायचंय' यावर दोन पानी निबंध लिहिला. त्यात माझा अनुभव असा काही झळकवला, की वाचून माझाच ऊर भरून आला. मग संकेतस्थळ म्हणालं, गॅप सर्टिफिकेट जोडा. म्हणजे शिक्षणात खंड का पडला, त्याचं प्रतिज्ञापत्र. गेलो कोर्टासमोरच्या टायपिस्टकडं.

"पोराचं नाव सांगा की."

"पोराचं नाही, माझंच."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "किती वर्सांचा गॅप?"

"बावीस."

"लई हाय की वो! असू द्या, बसवतो."

नमुना त्याच्याकडं तयारच होता. त्यानं नाव आणि वर्षं बदलली, मी न वाचता सही ठोकली. टॉवेलातला चुकलेला एक धागा मला दहा फुटांवरून दिसतो. हे मात्र दिसलं नाही.

दिसलं ते ऑनलाइन मुलाखतीत मॅडमना. "निबंधात म्हणता, बावीस वर्षं विणकाम केलं. इथं शपथेवर लिहिलंय, 'सदर कालावधीत कोणतीही नोकरी अगर व्यवसाय न करता घरीच बसून होतो.' यातलं खोटं कोणतं?"

मुलाखतीपुरते आम्ही माग थांबवले होते. मी गप्प झालो, तशी पलीकडच्या खोलीतल्या बायकोला वाटलं, संपली मुलाखत. तिनं मागाचा खटका दाबला. खडाड् खट, खडाड् खट!

"कसला आवाज हा?" मॅडम ओरडल्या.

"घर आहे, मॅडम!" मीही ओरडलो. "माग घरातच आहेत!"

लॅपटॉप उचलून तसाच मागापुढं नेला, बायकोला खुणेनं माग बंद करायला लावला. मॅडमनी काठाची वीण जवळून दाखवायला सांगितली, चार प्रश्न विचारले. ते मात्र मला झोपेतही आले असते.

"घरी होता, हे पटलं," त्या शेवटी म्हणाल्या. "बसून होता, ते बदलून परवापर्यंत पाठवा. नाहीतर यादीत नाव येणार नाही."

"घेतलं का?" बायकोनं विचारलं.

"घेतील. आधी मी बसून नव्हतो, असं शपथेवर लिहून द्यायचंय."

"म्हंजे परत खोटंच की," ती म्हणाली आणि खटका दाबला.