मोहाची पहिली धार

आमच्या घरात दारू विकली जाते, प्यायली जात नाही, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. विकली जात होती हे खरं. बाकीचं आमच्या भाऊजींना विचारावं लागलं असतं.

परवा घरातल्या मुली आपसात बोलताना ऐकलं, की नवरा आजारी पडला म्हणून बिचारीला भट्ट्या हिंडाव्या लागल्या. बिचारी म्हणजे मी. तेव्हा एकदा लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, जसं येईल तसं लिहीन. मला कुणी पाठवलं नव्हतं. मी भांडून गेले, आणि ते काम मला आवडत होतं.

मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायचं आणि उन्हाळ्यात आमच्या इंदूरला यायचं. माझ्या सासरची माणसं एके काळी संस्थानच्या पागेत होती. पागा गेली आणि दारूचं दुकान आलं. दुकान परवान्याचं. घर छत्रीबागेत, दुकान खान नदीच्या पलीकडे. घरातल्या बायकांनी दुकान पाहायचं नाही अशी रीत होती. मी लग्न होऊन आल्यावर बरीच वर्षं पाहिलं नव्हतं.

आमचं दुकान चालायचं ते मोहाच्या दारूवर. महूच्या पुढे घाट उतरला की भिलांच्या वस्त्या लागतात. तिथे छोट्या छोट्या भट्ट्या होत्या, मडक्यावर मडकं आणि मधून बांबूची नळी, एवढाच कारखाना. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पडतात. ती वेचून, वाळवून, भिजवून चैत्र लागता लागता नवी दारू निघायची. आमचे हे दरवर्षी तेव्हा तिकडे जायचे, एकेका भट्टीवर नवी दारू चाखायचे आणि वर्षभर कुणाचा माल घ्यायचा ते ठरवून यायचे. प्रत्येक भट्टीची एक बाटली घरी आणायचे. माळ्याच्या खोलीत एक फडताळ होतं, त्यात वर्षावर्षाच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या. कुठली कुणाची हे कळावं म्हणून गळ्याला चिंध्या बांधलेल्या. चिंध्या माझ्या जुन्या लुगड्यांच्या. हिरवी चिंधी ओढ्याकाठच्या म्हातारीची, तांबडी वडाखालच्या भट्टीची, असं.

यांना तपकिरीची सवय. नाक पार कामातून गेलेलं. जिभेवर चव घेऊन आले तरी मनात शंका राहायची. मग माळ्यावर मला बोलावून दार लोटून घ्यायचे, यंदाची बाटली आणि गेल्या वर्षीची बाटली पुढे धरायचे आणि विचारायचे, "बघ गं, काय वाटतं?" मी वास घेऊन सांगायची. ही करपट आहे, फूल बुडाला लागलं. हिला गोणपाटाचा वास येतो, म्हणजे फूल जुनं, नवं सांगून दिलंय. ही आंबली, एक दिवस उशिरा चढवली. हे मान हलवायचे आणि दुकानात जाऊन तेच स्वतःचं म्हणून सांगायचे. मला राग नव्हता. पण नुसत्या वासावर किती वर्षं काढायची? जिभेवर कधी थेंब ठेवला नव्हता. तो ठेवावा असं मला फार वाटायचं.

मग यांना कावीळ झाली. ती इतकी वाढली की वैद्यांनी सांगितलं, जीव वाचेल, पण यापुढे दारूचा थेंब जिभेला लागता कामा नये, जन्मभर. चैत्र तोंडावर आला होता. भाऊजी म्हणाले, "मी जातो."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मनानं वाईट नव्हते. पण एकदा त्यांना यांच्याऐवजी धाडलं होतं, तेव्हा तिसऱ्या भट्टीनंतर त्यांना सगळंच अमृत लागायला लागलं आणि बडीशेप घातलेलं पाणी ते गाडीभर घेऊन आले होते. ते वर्ष दुकानाला फार जड गेलं. शिवाय मला दुसरंही दिसत होतं. माल जो निवडतो, दुकान त्याचं. यांची जीभ गेली, आता भाऊजींनी निवडायला सुरुवात केली की आम्ही दोघं त्यांच्या ताटाखालची मांजरं होणार. आणि मी चुलीपाशी बसून वास ओळखत राहणार, फोडणीचा.

मी मधल्या घरात सगळ्यांसमोर म्हटलं, "मी जाते."

जाऊबाईंच्या, म्हणजे भाऊजींच्या बायकोच्या, हातातली परात खाली आली. सासूबाई म्हणाल्या, "कुठे जातेस?"

"भट्ट्यांवर. इतकी वर्षं निवड माझ्याच नाकानं होते आहे. यांना विचारा."

हे खाटेवर पिवळेधमक पडले होते. छताकडे बघत म्हणाले, "खरं आहे ते."

एवढंच बोलले. पण बोलले, हे मी विसरले नाही.

सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग अटी घातल्या. भाऊजी बरोबर येतील. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. आणि दारू जिभेवर ठेवायची, चव बघायची आणि थुंकायची. "थुंकलीस तर ते पिणं नाही. एक घोट जरी गिळलास तर माझ्या चुलीपाशी पाय ठेवायचा नाही."

मी हो म्हटलं. तेव्हा मला त्यात अडचण दिसली नाही.

माल आणायला त्यांनी दोन पितळी कळश्या काढून दिल्या, चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या. आतून बघितलं तर कल्हई उडालेली. अशा पितळेत ताक कळकतं तशी दारूही कळकते. मी कळश्या परत ठेवल्या आणि काचेच्या बरण्या घेतल्या. एवढ्यावरूनही बोलणी खाल्ली.

महूपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. वडाखालच्या भट्टीवर पहिल्यांदा गेलो. तिथल्या माणसानं पळसाच्या पानाच्या द्रोणात दारू आणून दिली, आधी दोन थेंब जमिनीवर सांडून. मी तोंडात घेतली, घोळवली, पदराआड तोंड फिरवून थुंकले. माणूस उठून आत गेला. दुसरा द्रोण आणला, तोही तसाच थुंकले. पहिला बेताचा, दुसरा अगदी पुचाट. शेवटच्या धारेची, नुसती पाण्यासारखी. मला नवल वाटलं, कारण तांबड्या चिंधीची बाटली दरवर्षी चांगली असायची. तिथून काही न घेता निघालो.

ओढ्याकाठी म्हातारीची भट्टी. बाई सत्तरीची, अंगानं काटक, हातात कोपरापर्यंत कथलाची कडी. तिनंही दोन थेंब जमिनीला दिले आणि द्रोण मला दिला. मी थुंकले. तिनं माझ्या हातातला द्रोण काढून घेतला आणि समोर बसली. तिची बोली मी इथे आपल्या भाषेत लिहिते.

"बेन, तुझा माणूस मेला का?"

"नाही. आजारी आहे."

"तो इथं किती वर्षं प्यायला. कधी थुंकला नाही. तू कुणावर थुंकलीस ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "जमिनीवर."

"त्याच जमिनीवर मी आत्ता माझ्या मेलेल्यांना धार दिली. आधी ते पितात, मग पाहुणा. पाहुण्यानं थुंकली म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकली. अशाला आम्ही चांगली दारू काढून देत नाही. खालची देतो, ती थुंकायलाच असते."

तेव्हा मला वडाखालचा पुचाट द्रोण कळला.

भाऊजी मागे उभे होते. म्हणाले, "वहिनी, मी पितो ना तुमच्याऐवजी. त्यात काय."

म्हातारी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हा मागे आला होता. याला ओढ्यातलं पाणी दिलं तरी हा नाचेल. जो निवडणार तो पिणार."

भाऊजी हळूच म्हणाले, "मग वहिनी, गिळून टाका. मी तिकडे तोंड करतो. आईला कशाला कळतंय?"

खरं सांगते, मी फार विचार केला नाही. चूल आठवली, सासूबाई आठवल्या. पण हेही दिसलं, की थुंकत हिंडले तर खालचा माल घेऊन घरी जाईन, आणि पुढच्या वर्षी भाऊजी एकटे येतील. मी म्हटलं, "भाऊजी, तोंड फिरवू नका. नीट बघा." मग म्हातारीला म्हटलं, "आई, दे."

म्हातारी उठली, आतलं दुसरं मडकं उघडलं, पुन्हा जमिनीला दोन थेंब दिले आणि द्रोण भरला. मी गिळली.

घशापासून पोटापर्यंत एक रेघ ओढल्यासारखी जाळत गेली. कान गरम झाले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही. मग जाळ ओसरल्यावर मागून चव आली. मोहाच्या फुलाचा तो गोडसर, थोडा उग्र वास मी इतकी वर्षं नाकानं घेतला होता, तो घशातून उलटा वर आला. थुंकणाऱ्याला ही चव कळणं शक्यच नाही. ती गिळल्यानंतर येते.

"कशी आहे?" म्हातारीनं विचारलं.

"गेल्या वर्षीपेक्षा चांगली. पण फूल रेतीवर वाळवलंस. शेवटी माती लागते."

ती हसली. दात मोजकेच होते. "अंगण सारवायला माणूस नव्हतं," म्हणाली.

पुढच्या सगळ्या भट्ट्यांवर मी गिळली, पण एकेक घोटच. पाय लटपटले नाहीत. दुसऱ्या दिवशी वडाखाली परत गेले आणि त्या माणसासमोर आपणहून जमिनीला दोन थेंब देऊन प्यायले. तो आत गेला आणि वेगळं मडकं घेऊन आला. तांबड्या चिंधीची बाटली त्या वर्षीही फडताळात लागली.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. पाय धुवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "गिळलीस?"

भाऊजी कौलं मोजत होते. मी नाही म्हटलं असतं तर तेही नाही म्हणाले असते.

"गिळली," मी म्हटलं. "थुंकलं तर ते चांगला माल देत नाहीत."

"मग अंघोळ कर, पंचगव्य घे, आणि मगच आत ये."

"पंचगव्य कशाला? मी चोरी केली नाही. दुकानासाठी चव घेतली. भाऊजी सराफ्यातून झुलत येतात तेव्हा त्यांना कोण पंचगव्य देतं?"

"तो पुरुष आहे."

"दारूला ते कळत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मग चुलीपाशी यायचं नाही."

"नाही येत," मी म्हटलं, आणि माळ्यावर जाऊन बाटल्यांना चिंध्या बांधत बसले.

तोवर आमच्या घरचा स्वयंपाक माझ्या हातचा होता. जाऊबाई देवभोळ्या, स्वभावानं गाय, पण हाताला चव नाही. आमटीत मीठ तरी नसायचं नाहीतर दोनदा असायचं. माझं ताट माळ्यावर यायचं. मी ते मुकाट्यानं जेवायची आणि दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. चूल बंद तर दिवस मोकळा, आणि दुकान न पाहायची रीत तर मोडलीच होती. नवा माल गिऱ्हाइकांना आवडला, तेवढं पडद्याआडून ऐकायला मिळायचं. "क्या बात है भिया, इस बार तो असली है," असं कुणी म्हणालं की मी आत बसून पाय हलवायची. भाऊजी जेवायला सराफ्यात, रात्रीच्या खाण्याच्या बाजारात, जायला लागले. यांना पथ्याची पेज मीच दुकानामागच्या शेगडीवर करून न्यायची. हे एकदा म्हणाले, "आईला वाईट वाटेल असं करू नकोस." मी म्हटलं, "पेज प्या."

असं अक्षय्य तृतीयेपर्यंत चाललं. त्या दिवशी आमच्याकडे पितरांना पाण्याचे घडे आणि पुरणपोळीचा नैवेद्य. सकाळी जाऊबाईंची पहिली पोळी फाटली, दुसरी फाटली, तिसरीचं पुरण तव्यावर जळलं. त्या लाटणं ठेवून बाहेर आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना म्हणाल्या, "आईसाहेब, एकतर थोरल्या जाऊबाईंना आत घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी मलाही प्यायला पाठवा."

सासूबाई माळ्याच्या पायरीशी आल्या. हातात पंचगव्याची वाटी होती. "बोट बुडवून जिभेला लाव," म्हणाल्या. "कुणाला दिसणार नाही. पितर खोळंबलेत."

मी खाली आले. वाटीला हात लावला नाही. म्हटलं, "पितरांना धार कशी देतात ते मी डोंगरात बघून आले. आधी त्यांना, मग पाहुण्याला. त्यांनी मला आत घेतलं, पंचगव्य मागितलं नाही. तुम्हाला मी नको असेन तर पोळ्या फाटक्याच ठेवा नैवेद्याला."

त्यांनी एकदा जाऊबाईंकडे पाहिलं. मग वाटी बाजूला ठेवली. "लाट पोळ्या."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि तिथेच थांबले. "पुढच्या चैत्रात मी जाणार. आणि गिळणार."

"पुढचं पुढे बघू."

"नाही. आत्ता सांगा. नाहीतर मी वर जाते."

पुरण करपल्याचा वास घरभर होता. यांनी खाटेवरून नुसतं मान वळवून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "जा. तुला अडवून मी उपाशी मरू का? पदर मात्र डोक्यावर राहू दे."

"राहील," मी म्हटलं आणि पोळपाटाशी बसले. त्या दिवशी एकही पोळी फाटली नाही.

त्यानंतर त्या छोट्या भट्ट्या बंद होईपर्यंत दरवर्षी मी गेले. पहिल्या वर्षानंतर भाऊजींना बरोबर नेलं नाही, गाडीवान पुरे व्हायचा. गल्लीत लोक बोलले. समोरून कुणी बोललं नाही, कारण त्यांचे पुरुष आमच्याच दुकानात यायचे.

फडताळ अजून आहे. बहुतेक बाटल्या रिकाम्या झाल्या, काही उडून गेल्या. पण हिरव्या चिंधीची त्या पहिल्या वर्षीची बाटली मी बूच बदलून बदलून जपली आहे. तळाला घोट-दोन घोट असेल. मला बिचारी म्हणणाऱ्या मुलींपैकी कुणाला चाखायची असेल तिनं यावं. आधी जमिनीला दोन थेंब द्यायचे, मग गिळायची. थुंकणार असेल तर मी बूच उघडणार नाही.