बाबांच्या ताटावरचं दुसरं नाव

सप्टेंबर २००३, शनिवारची दुपार, मिरजेचं आमचं घर. रक्कम एक हजार एक रुपये, पाकिटात. हजर : बाबा, आई, माझी बायको वर्षा, मी आणि चौथी बॅग डिकीत कशी कोंबावी या विवंचनेतला टॅक्सीवाला. यकृतावर संशोधन करणाऱ्या एडिनबराच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मी निघालो होतो. अकरा वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिरात बाबांना हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं होतं. पाकीट हातात ठेवत ते म्हणाले, "औषध निघालं की पहिली बाटली माझी. हा बयाणा."

"अहो, सोडा त्याला, विमान चुकेल," आई म्हणाली.

त्याआधी आम्ही जेवलो होतो. बाबा नेहमीसारखे दोन हात लांब, आपल्या वेगळ्या ताटात. आमच्या बाकीच्या भांड्यांवर आईचं नाव होतं, लग्नातलं. त्या एका ताटावर बाबांचं, चुकून कुणी घेऊ नये म्हणून. ते कोरून आणणारा मीच.

एडिनबराला पहिल्याच आठवड्यात ऑक्युपेशनल हेल्थची नर्स, मॉराग, मला लस टोचायला आली. घरी कुणाला हा आजार आहे का, तिनं विचारलं. मी जरा अभिमानानंच ताटाची व्यवस्था सांगितली. तिनं सिरिंज खाली ठेवली. "ताटाचा काय संबंध? हा रक्तातून जातो, जेवणातून नाही. आईनं लस घेतलीय?"

नव्हती घेतली. अकरा वर्षं आम्ही ताट सांभाळलं आणि लस राहून गेली. माझ्याकडे बायोकेमिस्ट्रीची डिग्री होती, हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. घरच्या रीतीला ते लावून बघावं, हे मात्र सुचलं नव्हतं.

फोनकार्ड घेऊन घरी फोन केला. आईची तपासणी निर्धोक निघाली, सहा महिन्यांत तिन्ही डोस झाले. बाबांना लस पटली, ताटाचं पटेना. "राहू दे रे, त्याला माझी सवय झालीय." हसत म्हणाले, पण दोन हातांचं अंतर तसंच राहिलं. मला ते इथे बसून खुपायचं.

लॅबमध्ये निम्मे लोक हिपॅटायटिसच्या मागे होते, निम्मे जीन थेरपीच्या. निरुपद्रवी केलेल्या व्हायरसच्या पोटात हवा तो जीन भरायचा आणि यकृताच्या पेशींकडे पाठवायचा. किती पेशींत पोचला, हे मोजणं माझ्याकडे. दर रविवारी बाबा विचारत, "कुठवर आलं?"

"उंदरांपर्यंत."

"बरं. उंदरांना नमस्कार सांग."

२००८च्या डिसेंबरात सुट्टीला मिरजेला गेलो. मुलगी सई चार वर्षांची, सगळ्या लसी घेतलेली. ती सरळ बाबांजवळ जाऊन बसली. "आजोबा, तुमचा प्लेट खूप शायनी आहे. मला त्यातला पापड पाहिजे."

बाबांनी ताट मागे ओढलं. सईचा हात तसाच पुढे. मी उठलो, बाबांच्या ताटातल्या वरणभाताचा एक घास घेतला आणि खाल्ला.

"अहो, पोर हात पसरून बसलीय," आई म्हणाली, "द्या की."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या मोजणीत धोका किती?"

"या ताटातून शून्य, बाबा."

त्यांनी पापड मोडला. मोठा तुकडा सईला दिला, मग ताटच तिच्याकडे सरकवलं. सुट्टीभर दोघं त्यातच जेवली. भाजी तिच्या बाजूची बाबांना, पापड बाबांच्या बाजूचा तिला.

घर कुठलं, असं एडिनबरात कुणी विचारलं की मी अजून मिरज सांगतो. सई एडिनबरा सांगते, आणि वर सांगते की तिचं ताट मिरजेला आहे. तिचं उत्तर जास्त बिनचूक आहे, कारण निघायच्या आदल्या दिवशी बाबा स्वतः ते ताट घेऊन बाजारात गेले आणि आपल्या नावाखाली तिचं नाव घालून आले. नाव घालणाऱ्याला अक्षरामागे दोन रुपये, दोन अक्षरांचे चार. बाबांनी ते माझ्याकडून त्या पाकिटातलेच मागून घेतले. उरलेले नऊशे सत्त्याण्णव बयाणा म्हणून माझ्याकडेच आहेत.