पाच दिवसांचा उमेदवार

अर्जुनराव आमदारांची कारकीर्द आमच्या तालुक्यात पानटपरीवालासुद्धा तोंडपाठ सांगेल. नव्व्याण्णवला जिंकले, दोन हजार चारला जिंकले, नऊला अकराशे मतांनी पडले, चौदाला परत आले, एकोणीसला परत पडले. पण या प्रत्येक निवडणुकीत त्याच पक्षाकडून आणखी एक अर्ज भरला जायचा, तो कुणाच्या लक्षात नाही. तो अर्ज माझ्या दाजींचा, म्हणजे माझी थोरली बहीण प्रेमलाताई, तिच्या नवऱ्याचा. रेणुकादास मुखेडकर. पाच अर्ज, पाच माघारी, मतं शून्य.

मोठ्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झालाच, तर पक्ष उघड्यावर पडू नये म्हणून आपल्यातल्या कुणाचा तरी दुसरा अर्ज भरून ठेवतात. त्याला डमी म्हणतात. मोठ्याचा अर्ज मंजूर झाला की डमीनं मुकाट्यानं माघार घ्यायची. बरेच पुढारी या कामाला बायको नाहीतर मुलगा धरतात. अर्जुनरावांची बायको कचेरीची पायरी चढायला तयार नव्हती आणि मुलगा आनंदराज तेव्हा शाळेत होता. म्हणून दाजी. ते काम पुढे त्यांच्याच गळ्यात राहिलं.

कोर्टासमोर दाजींची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले, मीही गेलो. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तरी दाजी तेच: खिशाला दोन पेनं, मान किंचित वाकडी, आणि कागद हातात आला की आधी पाठीमागून बघायचा. अण्णांचे म्हणजे अर्जुनरावांचे सगळे कागद तेच करायचे. त्या बदल्यात त्यांनी काय मागितलं? काही नाही. माझी बदली धर्माबादला झाली तेव्हा लेकरं लहान होती, आई अंथरुणाला. अण्णांचा एक फोन पुरला असता. मी दाजींना म्हणालो तर म्हणतात, "राघू, मोठ्या माणसाला घरचं काम सांगायचं नसतंय. आपली किंमत जाती." तीन वर्षं मी एसटीनं हाडं खिळखिळी करून घेतली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो पुरता गेलेला नाही.

नव्व्याण्णवला शेजारच्या मतदारसंघात एक डमी ऐनवेळी फिरला. माघार घेतली नाही आणि चार हजार मतं खाऊन मोठ्या उमेदवारालाच पाडलं. त्या बातमीनं अण्णांना घोर लागला. दाजींकडे ते वेगळ्या नजरेनं बघायला लागले. दाजींनीच तोडगा काढला. पुढच्या खेपेपासून उमेदवारी अर्ज टाइप करतानाच माघारीचा अर्जही टाइप करायचा, त्यावर सही करायची, तारीख कोरी ठेवायची. माघार आपले सूचक श्री. वैजनाथ यांच्यामार्फत सादर करत आहे, असंही त्यात लिहायचं. वैजनाथ म्हणजे अण्णांचा भाचा; दाजींचं नाव सुचवणारा म्हणून अर्जावर सही त्याचीच असायची. मग ते पाकीट अण्णांच्या हातात द्यायचं. कुणी मागितलं नव्हतं. अण्णांना निवांत वाटावं, एवढ्यासाठी.

गावात त्यांना डमीसाहेब म्हणायचे. हळदीकुंकवाला बायका प्रेमलाताईला "या, डमीण वहिनी" म्हणायच्या. ती तिथं हसायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. दाजी मात्र म्हणायचे, "यादीत नाव तर येतंय की गं चार दिवस."

दोन हजार चोवीसच्या निवडणुकीत आनंदराज कर्ता झालेला होता. वडिलांचे कागद जुन्या टायपिंगवाल्याकडून कशाला, म्हणून त्यानं लातूरचा वकील धरला. दाजींचा डमी अर्ज मात्र नेहमीसारखा दाजींनीच केला, पाकिटासकट. मी तोवर तहसीलला अव्वल कारकून होतो आणि अर्ज स्वीकारायच्या टेबलावर माझी नेमणूक होती. नातेवाईक उमेदवार असेल तर तसं लिहून देऊन बाजूला व्हायचं असतं. पण डमीला कोण उमेदवार धरतो? मी काही लिहून दिलं नाही.

छाननी बुधवारी होती. अण्णांच्या शपथपत्रात एक रकाना कोरा निघाला. आमच्या साहेबांनी, म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांनी, नोटीस दिली: दुरुस्त शपथपत्र दुपारी एकपर्यंत आणा. कागद साडेअकरालाच तयार होता. पण बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड, आणि आमच्या सीमेवरच्या मुलखात राहुकाळात नवा कागद कुणी हातातून सोडत नाही. अण्णा तर पंचांगाशिवाय शिंकत नसत. "साहेब आपलेच हायत, अर्धा तास इकडं तिकडं," म्हणून गाडीतच बसून राहिले. एक पस्तीसला हातात नारळ घेऊन आले. अर्ज एकला बाद झाला होता.

पक्षाच्या पत्रात पर्यायी उमेदवार म्हणून दाजींचं नाव होतं. साहेबांनी वाचून दाखवलं: "रेणुकादास मुखेडकर, अर्ज मंजूर." दाजी मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कुणी ओरडलं असावं तसे दचकून सरळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः घरी आले. ओसरीत ही गर्दी. दाजींच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "रेण्या, आता तूच आमदार. मी हाय पाठीशी. भ्यायचं न्हाई." दाजी त्यांच्या पाया पडले आणि रडले.

दिवाळीचे दिवस. फराळाला जी माणसं कधी फिरकली नाहीत तीही आली. निलंग्याकडचे, उदगीरकडचे, जुने विद्यार्थी, कुणी तलाठी, कुणी ग्रामसेवक. प्रेमलाताई चकल्या तळत होती आणि मध्येच दारात येऊन बघून जायची, खरंच एवढी माणसं आपल्याकडेच आलीत ना म्हणून. दाजींनी भाषण टाइप केलं होतं, दीड पानाचं. त्यात सारखी खाडाखोड. बसस्थानकात बायकांसाठी संडास हवा, हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. मी म्हणालो, "दाजी, सुरुवात अशी नसती करत." ते म्हणाले, "मंग काय करू? पंचवीस वर्षं अण्णांच्या भाषणात घालून बघितलं, ते गाळायचे."

रविवारी भाऊबीज होती. ओवाळून झाल्यावर ताई आत गेली, तेव्हा मी विचारलं, "दाजी, ते पाकीट कुठंय?"

"अण्णांकडं."

"परत घ्या की. उद्या तीनपर्यंत मुदत हाय. वैजनाथनं आणून दिलं तर आम्हाला घ्यावंच लागंल. एकदा घेतलं की परत फिरवता येत न्हाई, ब्रह्मदेव आला तरी."

दाजी हसले. "राघू, मागू कसं? मागितलं म्हणजे भरवसा न्हाई असं झालं. त्यांनी हार घातलाय मला."

"निदान साहेबाला लिहून तरी द्या, की असला कागद आला तर माझा धरू नका."

"ते तर लई वाईट. उद्या कुणी अण्णांना दाखवलं तर तोंड कसं दाखवू?"

मी जास्त ताणलं नाही. पाहुणे आले होते.

त्याच संध्याकाळी अण्णांच्या घरी काय झालं ते पुढे वैजनाथनंच गावभर सांगितलं, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नाही. आनंदराज बापाला म्हणाला, मुखेडकर निवडून आले तर जागा गेली. समोरचा निवडून आला तर पाच वर्षांनी आपण हाओतच. अण्णांनी उठून कपाट उघडलं म्हणे.

सोमवारी दुपारी दोन चाळीसला वैजनाथ माझ्या टेबलासमोर उभा राहिला. माझ्या नजरेला नजर देत नव्हता. कागद ठेवला. टायपिंग दाजींचं, ओळींमधलं अंतर दाजींचं, सही दाजींची. तारीख तेवढी दुसऱ्या पेनानं घातलेली.

मी कागद साहेबांकडे नेला. साहेब परजिल्ह्यातले, सरळ माणूस. त्यांनी वैजनाथचं ओळखपत्र बघितलं, कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "पक्षाचा एकटा उमेदवार, तो माघार घेतो? सही त्यांचीच आहे का? तुमच्यापैकी कुणी ओळखतं?"

दाजींचं घर कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. फोन माझ्या खिशात. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, मला शंका वाटते, त्यांना बोलावून घेऊ. वीस मिनिटं होती. पण शंका का वाटते म्हटल्यावर ते माझे कोण हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुम्ही या टेबलावर कसे? चौकशी, निलंबन, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं. मी म्हणालो, "हो साहेब. सही त्यांचीच आहे."

ते खोटं नव्हतं. साहेबांनी वेळ टाकून सही केली, मी शिक्का मारला आणि नोटीस फळ्यावर लावली. माझ्याच हातानं लावली.

तीन वाजता चिन्हवाटपासाठी दाजी आले. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला गंध. प्रेमलाताईही बरोबर होती. कचेरीत ती पहिल्यांदाच आली होती. शिपायानं त्यांना फळ्याकडे बोट दाखवलं. दाजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि नोटीस शेवटपर्यंत वाचली. मग खिडकीशी, माझ्यासमोर आले. मागे ताई.

मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेबांनी विचारलं असंल, सही कुणाची म्हणून."

"हाव," मी म्हणालो.

"तुला विचारलं?"

"हाव."

"काय सांगितलास?"

"तुमचीच हाय म्हणालो."

दाजींनी मान हलवली. विद्यार्थ्यानं पान बिनचूक टाइप करून दाखवल्यावर हलवायचे तशी. "बरोबर सांगितलास. खोटं कशाला बोलायचं." आणि एवढं बोलून खाली बसले, तिथंच फरशीवर, त्या पांढऱ्या शर्टासकट. दोन शिपाई धावले. दाजी त्यांना म्हणत होते, "काही न्हाई, काही न्हाई, जरा पायात गोळा आला."

ताई त्यांच्याजवळ गेली नाही. ती खिडकीचा गज धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला तोवर ठाऊक नव्हतं की तो शिक्का माझा. लहानपणी मी पाटी फोडली की माझा मार स्वतःवर घेणारी तीच ही, हे मला नेमकं त्याच वेळी का आठवावं कळत नाही.

"राघू," ती म्हणाली, "घर दहा मिन्टावर होतं रे."